माडीवरचा पंखा

मेलकावेरी, कुंभकोणम
१२ ऑक्टोबर २०२४

प्रिय अण्णा,

नमस्कार. एका घोर अन्यायाची दाद मागायला हे पत्र लिहिते आहे. प्रतिवादी आहे माझी नवी पेटी.

तिला चार चाकं आहेत. दुकानदार म्हणाला, बोट लावलं तरी चालते. त्याने एवढंच सांगितलं नाही की बोट न लावताही चालते. धुतलेलं पाणी आपोआप बाहेर जावं म्हणून आपल्या मधल्या खोलीच्या फरशीला कुणा पूर्वजाने दाराकडे उतार दिला. त्या उतारावरून ही बया दिवसातून दोनदा निघते, अप्पांच्या खुर्चीला वळसा घालते आणि उंबऱ्याशी जाऊन उभी राहते. अप्पा पेपरातून डोकं वर न काढता म्हणतात, "पंकजा, तुझ्यापेक्षा हिला घाई झालीय." शेवटी चाकाला वीट लावली. चाकांसाठी जास्तीचे अठराशे मोजून मग त्यांना विटेने अडवणारी या गावात मी एकटीच असेन. वर काल सरस्वतीपूजेला अप्पांनी पुस्तकांच्या रांगेत पेटीलाही बसवलं आणि तिला चंदन-कुंकू लावलं. आता तिला लाथही मारता येत नाही.

तर, बोट्स्वानाच्या त्या शाळेचं पत्र आलं. गणित, आठवी ते दहावी, दोन वर्षांचा करार, जानेवारीत हजर. शेचाळिसाव्या वर्षी कुणी मला विमानात बसवून बीजगणित शिकवायला नेईल असं वाटलं नव्हतं. इथल्या शाळेत वीस वर्षं झाली, तरी मी अजून 'वैद्यनाथरावांची मुलगी'च आहे. एकदा तरी अशा ठिकाणी शिकवायचंय जिथे वैद्यनाथराव कोण हे कुणाला ठाऊक नाही.

पैशांचं जमतंय. तिकिटाचे शाळा नंतर देणार. कागदांवरचे शिक्के, तपासण्या, पहिलं भाडं माझ्या खिशातून. ते सगळं पोस्टातल्या आरडीतून निघेल. माझ्या पहिल्या पगाराला कान धरून ती तू उघडायला लावली होतीस. तेव्हा तुला काय काय म्हणाले होते ते परत घेते.

जमत नाहीये ते एकच. अप्पा. शेजारच्या सुब्बलक्ष्मी मामी दोन वेळचा डबा द्यायला तयार आहेत, पण रात्री घरात कोण? गेल्या वर्षी न्हाणीत पडले ते तुला माहीत आहे. करारावर सही वीस नोव्हेंबरपर्यंत करायची आहे. तोवर माणूस मिळाला तर जाईन, नाही तर पेटी परत देईन.

फोन करत नाही. तुझ्या कानातलं मशीन शिट्टी मारतं, आणि अंगठ्याने लिहिलेल्याला तू पत्र मानत नाहीस. तिथे जूनमध्ये थंडी असते म्हणे. स्वेटर कसला घेतात? आम्हाला इथे थंडी म्हणजे मार्गळी महिन्यात पंखा एकाने कमी करणं.

तुझी,
पंकजा

*

कोथरूड, पुणे
१९ ऑक्टोबर २०२४

चि. पंकूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सहाव्या दिवशी मिळालं. मी पोस्टमास्तर असताना चौथ्या दिवशी मिळायचं. असो. तुझं मराठी वाचून नित्या म्हणाली, "बाबा, आत्या पेशव्यांच्या दप्तरातून लिहिते का?" मी तिला सांगितलं, पेशव्यांच्या आधीच्या. आपण व्यंकोजीराजांबरोबर खाली उतरलेली माणसं, मधल्या काळात कुणी आपल्याला सुधारायला आलं नाही.

तुझं अभिनंदन मी दोनदा केलं, एकदा मनात आणि एकदा मोठ्याने. मोठ्याने केलं तेव्हा घरात कुणी नव्हतं.

आता सामान. साड्या चार ने, चौदा नको. शाळेत साडी नेसून फळ्यावर वर्तुळ काढणाऱ्या बाईचं तिथल्या मुलांना दोन दिवस नवल वाटेल, तिसऱ्या दिवशी ती फक्त गणिताची बाई. पैशाचे तीन भाग कर: एक अंगावर, एक बँकेत, एक विसरून जाण्यासाठी. पहिल्या महिन्यात प्रत्येक वस्तूची किंमत रुपयांत काढशील आणि काही विकत घेणार नाहीस. ते करू नकोस, उपाशी राहशील. स्वेटर दोन पाठवतो आहे, पार्सल बुक केलं. राखाडी तुझ्या वहिनीचा आहे. तिला जाऊन चार वर्षं झाली, पण लोकर चांगली आहे.

बाकी काही किरकोळ चौकश्या. माडीवरच्या खोलीतला पंखा चालू आहे का, आणि आवाज करतो का? जिन्याचा कठडा पक्का आहे का? घराच्या मालकीचा पट्टा अजून आजोबांच्या नावावर आहे की काकांच्या नावावर झाला? विजेचं बिल कुणाच्या नावाने येतं? सवडीने कळव.

काकांना साष्टांग नमस्कार.

चंद्रमौळी

*

मेलकावेरी
२६ ऑक्टोबर २०२४

प्रिय अण्णा,

स्वेटर मिळाले. राखाडी घालून आरशासमोर उभी राहिले आणि तीन मिनिटांत घामाने निथळले. वहिनीचा आहे म्हणून काढताना हळू काढला. तो मी हातात घेऊन विमानात चढेन, वजनात धरणार नाहीत.

वजनाचं काय सांगू? तेवीस किलोच्या दोन पेट्या न्यायच्या, आणि मेलकावेरीतल्या प्रत्येक घराला वाटतं की त्यातल्या निदान दोन किलोंवर आपला हक्क आहे. मामींनी पाच प्रकारच्या पोडी, कोरड्या चटण्या, दिल्या, प्रत्येकीवर नाव न लिहिता, कारण "वासाने कळतंच की." दहावीच्या पोरींनी माझं चित्र दिलं, काचेची चौकट लावून. पानवाल्याने वेत्रिलैच्या पानांची जुडी देऊ केली, दोन वर्षं टिकेल अशा खात्रीने. मी सगळ्यांना नाही म्हणायला तोंड उघडते आणि तोंडातून "बरं" निघतं. माझी जीभ तिखट आहे असं हे सगळे मानतात आणि तरी आणून देतात. अण्णा, मला कल्पना नव्हती की एवढ्या लोकांना मी चालते.

अप्पा तर रोज पेटीत काहीतरी ठेवतात. परवा रसमचा कथलाचा चेंबू ठेवला. मी म्हटलं, "अप्पा, तिथे विजेची चूल. जरा रिकामा तापला तर वितळून वाहून जाईल." "चरि, बरं," म्हणाले आणि काढून घेतला. संध्याकाळी बघते तर त्या जागी झांजा. त्यांच्या स्वतःच्या, ज्या घेऊन ते शनिवारी मरुदानल्लूरला भजनाला जातात. "ह्या कशाला?" तर म्हणाले, "शनिवारी तू तिथं काय करशील?" मी झांजा परत खुंटीला लावल्या. आज पुन्हा पेटीत आहेत.

ते असे रोज भरतात आणि मी रोज उपसते, पण रात्रीसाठी माणूस अजून मिळालेला नाही. मामींच्या ओळखीचा एक आला होता. त्याने आधी टीव्ही किती इंचांचा हे विचारलं.

तुझ्या चौकश्या. पंखा चालतो, आवाज करतो. कठडा हलतो. पट्टा अजून आजोबांच्याच नावावर. बिल अप्पांच्या नावाने. तुझं पत्र मी अप्पांना मोठ्याने वाचून दाखवलं, पण पंख्याशी थांबले. पट्ट्याचा तुला काय उपयोग ते कळलं नाही.

पंकजा

*

पुणे
३१ ऑक्टोबर २०२४

चि. पंकूस आशीर्वाद.

दिवाळीच्या गडबडीत चार ओळी. पट्ट्याचं कशाला ते आता सांगत नाही, व्हायचं तेव्हा कळेल. तोवर काकांशीही यातलं बोलू नकोस. घरपट्टीच्या शेवटच्या पावतीची एक प्रत मात्र लगेच पाठव, आणि विजेच्या बिलाचीही. माडीवरच्या खोलीची लांबी-रुंदी मोजून कळव. पलंग आणि लोखंडी कपाट, दोन्ही मावतील का? कठडा सुतार बोलावून दुरुस्त करून घे, पैसे मी देईन.

माणूस शोधायची घाई करू नकोस. सहीला अजून अवकाश आहे.

चंद्रमौळी

*

मेलकावेरी
५ नोव्हेंबर २०२४

अण्णा,

मला भांडता येत नाही, लिहिता येतं. म्हणून लिहिते.

घर दलालाला दाखवताना तो चार गोष्टी विचारतो: कागद कुणाच्या नावावर, पट्टी भरली का, खोल्या केवढ्या, मोडतोड काय. तू चारही विचारल्यास आणि वर "काकांना बोलू नकोस." पाचवी गोष्ट दलालही म्हणत नाही.

घर आजोबांचं आहे. तुझे बाबा आजोबांचे थोरले. म्हणजे अर्धं तुझं, हे मला कळतं, मी गणित शिकवते. पण मी विमानात बसायची आणि अप्पा एकटे खाली असताना माडीला भाडेकरू आणायचा, किंवा सगळंच विकून त्यांना कुठल्या तरी 'ज्येष्ठांच्या निवासात' टाकायचं, याचा हिशोब तू पुण्यात बसून मांडावास? ज्यांनी तुला दहा वर्षांचा असताना याच घरात ठेवून घेऊन शिकवलं, त्यांच्या बाबतीत? हे मी काढणार नव्हते. निघालं.

कठड्याचे पैसे देतोस म्हणे. गिऱ्हाईकाला घर नीट दिसलं पाहिजे, बरोबर आहे.

पावत्या पाठवणार नाही. खोली मोजणार नाही. मी जात नाही. येत्या सोमवारी शाळेला नकार कळवते आणि पेटी दुकानात परत देते, चंदन-कुंकवासकट. अप्पा आहेत तोवर या घरात कुणी टेप लावायचा नाही.

स्वेटर पार्सलने पाठवते.

पंकजा

*

पुणे
१२ नोव्हेंबर २०२४

चि. पंकूस आशीर्वाद.

तुझं पत्र शनिवारी आलं. त्याच दिवशी नित्याला सुब्बलक्ष्मी मामींना फोन करायला लावला, एवढंच सांगायला की नकार पाठवू नकोस, पत्र निघतंय. मामींनी ते कसं सांगितलं असेल याची कल्पना आहे. पण पत्र लगेच निघालं नाही. ऑर्डर हातात येईपर्यंत थांबलो, आणि ती आज आली.

आधी पोस्टाचं. तू पाकिटावर तिकीट लावलं नव्हतंस. रागात राहिलं असेल. पोस्टमनने दारात दुप्पट आकार मागितला. छत्तीस वर्षं पोस्टात काढलेल्या माणसाच्या दारात बिनतिकिटाचं पत्र, तेही घरच्या माणसाचं, आणि तो मला 'सर' म्हणणारा. आत जे लिहिलं होतं ते वाचायच्या आधी दहा रुपये देताना मी जो शरमलो, तेवढा नंतर शरमलो नाही.

आता बाकीचं.

नित्याच्या घरात मला कुणी काही बोलत नाही. तेच सांगायचंय. नात दहावीत गेली, तिला खोली हवी, म्हणून मी हॉलमधल्या दिवाणावर झोपतो. सकाळी सगळे माझ्याभोवतून चपला हातात घेऊन जातात, मला जाग येऊ नये म्हणून. मी जागा असतो. डोळे मिटून पडून राहतो, म्हणजे जाग आणली म्हणून त्यांना थांबावं लागत नाही. मुलगी चांगली आहे, जावई चांगला आहे. घर लहान आहे, एवढंच.

तू काकांच्या रात्रीचं लिहिलंस आणि मी दुसऱ्या दिवशी पेन्शन कुंभकोणमच्या हेडपोस्टात बदलून मिळावी म्हणून अर्ज केला. त्यांना तिथल्या पत्त्याचा पुरावा हवा: घरपट्टी, नाही तर बिल, आणि घर ज्याच्या नावावर त्याच्याशी माझं नातं. म्हणून पट्टा. पलंग माझा, कपाट तुझ्या वहिनीचं, ते इथे ठेवायला जागा नाही आणि विकायला मन नाही. म्हणून लांबी-रुंदी. कठडा, कारण मी आता सत्तरीकडे निघालोय, आणि दोन म्हातारे एकाच घरात पडून चालणार नाही.

सांगितलं का नाही? तूच आठव. आपल्या घरात एखादी गोष्ट पक्की व्हायच्या आधी बोलली की तिला दृष्ट लागते आणि ती मोडते, हे तुझ्या अम्मानेच मला शिकवलं. माझ्या नोकरीची ऑर्डर हातात येईपर्यंत तिने शेजारी कळू दिलं नव्हतं. आणि पेन्शन अडली असती तर काका वाट पाहत बसले असते. ते वाट पाहताना बोलत नाहीत, फक्त ओट्यावर बसतात. ते मला बघवलं नसतं.

तुझ्या पावत्यांशिवायही झालं. हेडपोस्टात माझ्या हाताखाली शिकलेला सुंदरेश आहे, तो स्वतः महापालिकेत जाऊन प्रत घेऊन आला. मी डिसेंबरच्या दहाला पोचतो.

घराचा अर्धा भाग माझा आहे, हे तुझं गणित बरोबर आहे. मला तो राहायला हवा आहे.

सही कर.

चंद्रमौळी

*

मेलकावेरी
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय अण्णा,

सही केली. स्कॅन करून पाठवली. शाळेचं "वेलकम" पण आलं.

मामींनी निरोप असा सांगितला: गल्लीच्या टोकापासून हाक मारत, "पंकजा, नकार धाडू नको, तुझा अण्णा पोस्टाने निघालाय." अर्ध्या गल्लीला वाटलं तुझं काही तरी बरंवाईट झालं आणि पार्सल येतंय. इस्त्रीवाला तर आठवडाभर हळहळत होता. मी त्याला पुन्हा एकदा समजावत असताना पत्र हातात पडलं.

ते मी ओट्यावर उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग आत जाऊन अप्पांपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा शोधलाही नाही.

"चंद्रू कधी येतोय?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तूच नाही का वाचून दाखवलंस, माडीवरचा पंखा चालतो का म्हणून विचारतोय."

"मग?"

"मग काय? त्याला लहानपणापासून पंख्याशिवाय झोप येत नाही. चार वेळा सांगितलं होतं त्याच्या बापाने सोडताना. दुसऱ्या कुणासाठी विचारेल तो पंखा?"

"अप्पा, तीन आठवडे तुम्हाला माहीत होतं? मी इथे त्याला दलाल ठरवला, नोकरी सोडायला निघाले."

"तू बोललीस कुठे? पत्र लिहीत बसलीस. आणि पक्कं व्हायच्या आधी मी कसा बोलू?"

म्हणजे अण्णा, तू बोलला नाहीस, ते बोलले नाहीत, आणि अम्मा वरून दोघांवर खूश. मी एकटी या घरात जन्मून काही शिकले नाही. एक प्रश्न दोघांनी ऐकला. मला त्यात घर दिसलं, अप्पांना त्यात तू दिसलास. वीस वर्षं मुलांना सांगते की उदाहरण नीट वाचा.

सुतार येऊन गेला, कठडा आता हत्तीने धरला तरी चालेल. पंख्याला तेल दिलं. अप्पा सारखे खालून ओरडतात, "लाव बघू," आणि मी वर जाऊन लावते. खोली मोजली. पलंग आणि कपाट दोन्ही मावतात, मधून आडवं व्हावं लागेल.

वहिनीचा स्वेटर पाठवलेला नाही.

पंकजा

*

मेलकावेरी
४ जानेवारी २०२५, शनिवार

प्रिय अण्णा,

तुम्ही दोघं मरुदानल्लूरच्या भजनाला गेलात आणि घर एकदम रिकामं झालं. गाडी दुपारी येईल, त्याआधी तुम्ही याल, मग रडारड होईल आणि बोलायचं राहील. म्हणून तू वरच्या खोलीत राहत असूनही हे पत्र.

अप्पांची रक्तदाबाची गोळी सकाळी, साखरेची जेवणाआधी. "घेतली" म्हणाले तर घेतलेली नसते, "आता घेतो ना" म्हणाले तर घेतलेली असते. न्हाणीत जाताना बाहेर उभा राहा, पण उभा आहेस हे कळू देऊ नकोस, गाणं म्हण. मामींचा डबा रविवारी येत नाही, रविवारी तुमचा उप्पुमा. तुला तो येतो हे मी या तीन आठवड्यांत पाहिलंय. अप्पांना तो आवडतो हेही पाहिलंय, आणि ते तसं म्हणणार नाहीत.

दोन्ही पेट्या बरोबर तेवीस भरल्या. चार साड्या, मामींच्या पाचही पोडी, आता त्यांच्यावर नावं लिहिली आहेत, पोरींनी काढलेलं चित्र चौकटीशिवाय. झांजा घेतल्या नाहीत. काल अप्पांना म्हटलं, "तिथे वाजवीन कुणाबरोबर? इथे तुम्ही दोघं आहात, दोन जोड लागतील." त्यांनी झांजा खुंटीला लावल्या. मग म्हणाले, "चरि. चंद्रूला ताल नाही, पण शिकवतो." पहिल्यांदा त्यांनी पेटी स्वतः बंद केली.

मी कुठे जाते आहे हे मला नकाशावर दाखवता येतं, यापेक्षा जास्त माहीत नाही. घाबरलेय. पण मागे काय आहे ते नीट माहीत आहे: रात्री वर पंखा आवाज करत असेल आणि खाली अप्पांना तो ऐकू येत असेल. तेवढ्यावर मी दोन वर्षं वर्गात उभी राहू शकते. हे तुला तोंडावर सांगितलं असतं तर तू कानातलं मशीन काढून ठेवलं असतंस.

पत्र तुझ्या कॉफीच्या डबरा-पेल्याखाली ठेवते आहे, टपालात पडणार नाही. पाकिटावर पाच-पाच रुपयांची दोन तिकिटं लावली आहेत. कशाची, ते पोस्टातल्या माणसाला सांगायला नको.

तुझी,
पंकू